गुलाबी पाण्याचं मैदान

३ जून, सकाळी सहा.
वय एकाहत्तर, उमेद पंचविशीची. तीस वर्षं स्फोटकांच्या कारखान्यात काढली. यंत्रं धुतलेलं गुलाबी पाणी कुंपणामागच्या मैदानात ओतायचो, याच हातांनी. वरून हुकूम होता, माझा काय दोष? आता समिती म्हणते, माती विषारी, सिमेंट ओतून टाकू. माझ्या जिवंतपणी? हॅट! लॅबच्या बाईंनी गवत दिलंय. मुळं विष ओढतात, पानांत साठवतात. ऑक्टोबरपर्यंत विष निम्म्यावर आलं तर सिमेंट रद्द, मैदान पोरांना खुलं.

४ जून.
उजवी बाजू माझी, डावी हिची. तुमचा काय नेम, म्हणाली. बाईंनी दोघांना चार-चार पानी सूचना दिल्या. हिनं स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवल्या. मी चष्म्याच्या डबीत जपून ठेवल्या. मातीला काय वाचून ओळखायचं असतं?

२९ जून.
गवत गुडघाभर. जुना मुकादम कुंपणावरून ओरडला, काय रे, तोफगोळे भरणारा गडी गवत कुरवाळतोय होय! सणसणीत उत्तर दिलं. (घरी आल्यावर सुचलं. उद्या देईन.)

१७ जुलै.
पहिली कापणी. ही आपलं गवत पिवळ्या ड्रमांत कोंबते, लॅबची गाडी जाळायला नेते. केवढी नासाडी! मातीचं मातीला द्यावं, हा बागकामातला पहिला धडा. मी माझं बारीक चिरून माझ्याच बाजूवर पसरलं. ही म्हणाली, अहो, तो कागद तरी वाचा! म्हटलं, मला शिकवू नकोस. हिची बाजू टकली, माझी गोधडी पांघरल्यासारखी गुबगुबीत.

१८ जुलै.
ही दुपारी लवंडली तेव्हा हिचे दोन ड्रमही माझ्या बाजूवर रिकामे केले. चोरी नव्हे. संसारात तुझं-माझं कसलं?

२१ ऑगस्ट.
दुसरी कापणी. या वेळी हिचे तीन ड्रम माझ्या बाजूवर. ड्रम एवढे हलके कसे, असं गाडीवाल्यानं हिला विचारलं म्हणे. मी बागेची कात्री शोधत होतो.

२ ऑक्टोबर.
बाई माती घेऊन गेल्या. मैदान उघडतानाचं भाषण लिहिलं. सहा पानं. मुकादमाला पहिल्या रांगेत बसवणार.

१२ ऑक्टोबर, दुपारी.
रिपोर्ट आला. हिची बाजू निम्म्याच्याही खाली. माझी सुरुवातीच्या सव्वापट. चूक लॅबचीच! मशीन बिघडलं असणार, ठणकावून सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, आजोबा, कापलेलं गवत कुठे टाकलंत? मी आभाळाकडे पाहिलं. ही माझ्याकडे पाहत होती.

१३ ऑक्टोबर.
डाव्या बाजूला झोपाळे. उजवीकडे सोमवारी सिमेंट. आडवा पडेन, पण मिक्सर येऊ देणार नाही! हिनं डबा भरून देऊ का विचारलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार.
पडलो. ओली माती लागली, कंबर धरली. मिक्सरवाल्यानंच उठवलं. सिमेंट झालं. मुकादम आला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री डबीतला कागद काढला. पान पहिलं, ओळ पहिली: कापलेलं गवत पुन्हा जमिनीवर टाकू नये.

या वेळी तर वरून कुणाचा हुकूमही नव्हता.