बाईच्या कडू गोळ्या

३ ऑगस्ट, रविवार
एकविसावा दिवस. साखर नाही, गूळ नाही, बेकरीचं काही नाही. बाईच्या कडुनिंब-लसणाच्या गोळ्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन. जीभ तरी पांढरीच. जेवलं का पोट टम्म. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं आतड्यात बुरशी वाढली म्हणून औषध देल्लं होतं, ते बाईनं बंद करायले लावलं. गरम पडते म्हणे. बाई म्हंजे माही सख्खी मोठी बहीण, ती सांगते म्हटल्यावर... तिच्या गावाले, बोरी अरबले, तिच्या गोळ्यायले लय गिऱ्हाईक. चावायच्या नाही, पाण्यासंगं गिळायच्या, हे तिनं दहादा बजावलं.

८ ऑगस्ट
मशीनवर बसलं का पोट दाबते. सात ब्लाउज पडून. नवरा म्हणे, चहात चिमूटभर साखर टाकली तर काय होते? भांडली त्याच्याशी. पथ्य म्हणजे पथ्य.

१४ ऑगस्ट
पूजाचा नर्सिंगले नंबर लागला! पहिला पेढा पोरीनं माह्या तोंडापुढं धरला. मी तोंड फिरवलं. तिनं पुड्यात परत ठेवला. बाई नवीन डबा घेऊन आलती. सगळ्यायच्या समोर म्हणे, "पथ्य असं पाह्यजे. शीक तुह्या मायपासून." लय बरं वाटलं तेव्हा मले.

२२ ऑगस्ट, पोळा
सगळ्यायच्या ताटात पुरणपोळी. मी ज्वारीची भाकर. सासूबाई रुसल्या. पोट तसंच.

२५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी गोळ्यायच्या डब्याले मुंग्या. झाकणाभोवती ओळच्या ओळ. कडुनिंबाले मुंग्या?
एक गोळी फोडली, चावून पाह्यली. गूळ. निंबापेक्षा गूळच जास्त. त्रेचाळीस दिवस रोज चार गोळ्या गूळ खाल्ला मी, अन् पोरीचा पेढा नाही खाल्ला.
बाईले फोन केला. आधी नाहीच म्हणे. मंग म्हणे, "गूळ नाही तर गोळी वळते कशी? अन् निसतं कडू कोणी घेते का वं?"
मी म्हटलं, पेढ्याच्या टायमाले समोर बसून होतीस ना तू.
मंग म्हणे, "कोणाले सांगू नको."

२६ ऑगस्ट
याडीचा फोन. बहिणीचं नाव खराब करू नको, तिचा धंदा हाय. तुहं पोट कसं हाय, हे नाही विचारलं. मायच ती, तिनं तरी विचारायचं. संताप आला.
पूजाले सांगितलं. म्हणे, "मंग तो पेढा चालला असता ना, आई." रडली मी. पीठ मळता मळता.

२९ ऑगस्ट
यवतमाळ. औषध अर्ध्यातच सोडलं म्हणून डॉक्टरीणबाई बोलल्या. बोलू दे. परत सुरू. कोणाच्या सांगण्यावरून सोडलं, ते नाही सांगितलं. काहून झाकलं मी तिले?

३१ ऑगस्ट, रविवार
बाई स्वतः आली नाही. एसटीच्या कंडक्टरजवळ डबा पाठवला. आत चिठ्ठी, तिच्याच अक्षरात: बिनगुळाच्या. फक्त तुह्यासाठी वळल्या.
गोळ्या तर मी घेणार नाही. पण डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढून, मुंग्या लागल्या होत्या त्याच जागी. सकाळपासून मशीन सोडून चारदा पाहून आली.
दुपार झाली. अजून एक बी मुंगी नाही.
देवा, येऊ नको देऊ.