विषाणूचा नवा साथीदार

३ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,
काकडलेल्या हातांनी नमस्कार. बातमी मोठी आहे. करोनाच्या विषाणूजवळ स्वतःचं सामान फारसं नसतं. आपल्या पेशीतल्या प्रथिनांना हाताशी धरून तो कामं उरकतो. म्हणून मी त्याचं एक प्रथिन गळाला लावून माणसाच्या पेशींच्या रसात सोडते आणि त्याला काय चिकटतं ते बघते. या वेळी प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्राने भलतंच नाव दिलं, आजवर कुणालाच न सापडलेलं. दोनदा केलं, दोनदा तेच. आमच्या प्रयोगशाळेचे सर चक्क खुर्चीतून उठले. महिनाअखेर अहवाल जाईल, त्यावर माझी इथली नोकरी ठरेल.
तुझी लाडकी,
खारूताई

८ जानेवारी

चि. खारूताईस,
शिलाई मशीनवरूनच आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. पडदे शिवायला आलेल्या बाईंनी विचारलं, की हा साथीदार पकडला म्हणजे आजार थांबेल का. मी म्हटलं, आधी नीट ओळख तर पटू दे.
तिथे गारठा आहे ना? मी विणलेला स्वेटर घालतेस, की आईसारखी ट्रंकेत ठेवतेस?
काळजीत असलेली,
मावशी

२० जानेवारी

तीर्थरूप मावशीस,
खाली मान घालून नमस्कार. स्वेटर रोज घालते, तेच नडलं. तुझं पत्र वाचताना नजर बाहीवर गेली. ती कोटाबाहेर डोकावत होती आणि तिचे तंतू परीक्षानळीवर बसले होते. यंत्राने दिलेली यादी पुन्हा तपासली. ते प्रथिन माणसाचं नव्हतंच, मेंढीचं होतं. लोकरीचं.
खोटं कशाला बोलू, गप्प बसावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, की स्वेटर काढ आणि पुन्हा कर.
कुडकुडत तीनदा केलं. मेंढी गेली. तिच्या गर्दीत दबलेलं एक चिमुकलं प्रथिन मात्र तिन्ही वेळा चिकटलेलं सापडलं, अस्सल माणसाचं. अहवाल लांबला, पण नोकरी राहिली.
माया असू दे.
खारूताई

२६ जानेवारी

चि. खारूताईस,
आधी हसले, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले. हेही पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. पडदेवाल्या बाई म्हणाल्या, की आता या पोरीच्या शब्दावर विश्वास बसला.
आता माझं एक काम कर. माझी जाऊ दोन वर्षं चारचौघांत सांगत फिरते, की तुझ्या स्वेटरसाठी लोकरवाल्याने माझ्या गळ्यात नायलॉन मारलं. तेव्हा यंत्राचा तो पहिला कागद सरांच्या सहीशिक्क्यानिशी ताबडतोब पाठव. मेंढी हा शब्द ठळक हवा.
लोभ आहेच, कागद तेवढा येऊ दे.
तुझी मावशी