राजाची अडीच घरं

पेण,
३ ऑगस्ट १९९७

प्रिय नमिता,

तुझ्या बाबाच्या तेराव्याला मी आलो नाही म्हणून तू मला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या असशील. दे. आणखी चार राखून ठेव, पत्र संपेपर्यंत लागतील. पेणहून रोह्याला यायला असा कितीसा वेळ लागतो, पण अष्टमीचा पूल ओलांडायचा धीर मला सात वर्षांत झाला नाही. त्याच पुलावरून तू बाबाच्या, माझ्या हिरामणच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या कुंडलिकेच्या पाण्यात फेकल्यास. त्याने स्वतःच्या हाताने कोरलेल्या, सागाच्या. त्यातलं एक प्यादं तू दात येताना चावून चावून ठेवलं होतंस, तेही गेलं. चौदा वर्षांची होतीस तेव्हा. लबाडाची पोर म्हणून लोकांनी भर मंडपात तुला चिडवलं, आणि त्या दिवसापासून तू बापाशी कामापुरतंच बोललीस. तो तसाच गेला. मला बोलायचंय ते त्याबद्दलच, पण जरा माझ्या वाटेने येऊ दे. सरळ चाल मला कधी जमलीच नाही.

आम्ही दोघं बुद्धिबळ शिकलो ते खाडीकडच्या मिठागराच्या बांधावर, पुंडलिकदादाकडून. तो जुना देशी डाव. प्यादं कधीही एकच घर सरकणार. राजाला एकदाही शह लागला नसेल, तर त्याला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. आणि सगळ्यात मानाची मात कोणती, तर प्याद्याने दिलेली. पहिल्या पंधरा चाली कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही, आपापला किल्ला बांधत बसायचं. पुढे माझ्या हाती वाचनालयातली पुस्तकं लागली. पटाचा मध्य पहिल्या चालीपासून दाबायचा, एक चाल वाया घालवायची नाही, हे मी घोकून घोकून शिकलो. हिरामण रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लागला होता. शिफ्ट संपवून यायचा, माझ्याकडून हरायचा, हसायचा आणि जायचा. पुस्तकाला हात लावला नाही पठ्ठ्याने, पण माझ्याकडून हरता हरता त्याने माझी सगळी पुस्तकं शिकून घेतली, आणि पुंडलिकदादाचा डावही विसरला नाही. मग गणपतीतल्या स्पर्धेत चार वर्षं ओळीने त्याने मला लोळवलं. वाचायचं मी आणि पेला न्यायचा त्याने! माझा नुसता जळफळाट व्हायचा गो.

नव्वद सालचा शेवटचा डाव तुला आठवतोच, बाबाच्या मांडीला मांडी लावून बसली होतीस. आमच्या मंडळात तोवर बाकी सगळे नियम नवे आले होते, फक्त राजाची उडी जुन्या खेळाडूंसाठी ठेवली होती. त्या वर्षी तीही काढली. हिरामण जिंकत आला होता. त्याने राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला. मी हात वर करून पंचांना बोलावलं. ज्या सोंगटीला हात लावला ती हलवलीच पाहिजे, म्हणून त्याला राजा दुसरीकडे न्यावा लागला आणि तिथे तो मेला. तो म्हणाला, "असा नेम झाला व्हय? मला कुनी सांगितला नाय." मंडळाचे चिटणीस सगळ्यांसमोर ओरडले, की पत्र घरपोच धाडलं होतं. लोक हसले. तुझा बाबा माझ्याकडे बघत राहिला, आणि मी पटाकडे.

पंधरा दिवसांनी त्याचं पहिलं पोस्टकार्ड आलं. ना नमस्कार, ना सही. निळ्या शाईत एवढंच, "राजासमोरचं प्यादं एक घर." म्हणजे देशी डाव! मीही उलट चाल धाडली. सात वर्षं आमच्यात तेवढंच बोलणं झालं. त्याच्याकडे पट नाही, सोंगट्या नदीत, सगळा डाव डोक्यात. माझ्याकडे माझ्या शाडूच्या सोंगट्या, मीच रंगवलेल्या. चैत्रात तो गेल्याचं कळलं तेव्हा चाल माझी होती. आता धाडायची कुणाला? मी आपला पटावर हत्ती दोन घरं सरकवला आणि हुंदका आला तो येऊ दिला.

आठवड्याने दुपारच्या टपालात कार्ड आलं. शिक्का रोह्याचा, अक्षर त्याचं. "घोड्याने हत्ती मारला." नमिता, तो हत्ती मी कुठे सरकवला ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. खोलीत मी एकटा, किल्ली माझ्या कमरेला. आधी तुझ्यावर संशय घेतला, खोटं कशाला बोलू. वाटलं, बापाने जाण्याआधी अंदाजाने चाली लिहून ठेवल्या असतील आणि पोर त्या टपालात टाकत असेल. म्हणून मुद्दाम एक मूर्ख चाल केली, चांगला पुढे गेलेला उंट घरी आणून बसवला. कुणाच्या बापाला सुचणार नाही अशी. दुसरं कार्ड आलं, "उंट परत गेला. प्यादं एक घर." कार्डाच्या कडा ओलसर होत्या, आणि वाळल्यावर त्यांवर पांढरा खार उमटला.

तुला माहीत आहे, मी कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. तीस वर्षांत माझी नजर चुकली नाही. या मोसमात मालक साईराज रोज येऊन विचारतो, "काका, गनपती खाली कुठे बघतायत?" मी पुसतो, पुन्हा आखतो. दुसऱ्या दिवशी नजर पुन्हा खाली आणि डावीकडे. डावीकडे भिंतीपलीकडे माझी खोली आहे, आणि जमिनीवर पट मांडलेला आहे. मला भीती वाटते गो. कारखान्यात शंभर मूर्ती आहेत.

तिसरं कार्ड परवा आलं. "राजा अडीच घरं." त्याने ती उडी सात वर्षं राखून ठेवली होती. राजा त्याच्याच प्याद्याच्या वाटेत उभा होता, तो बाजूला झाला. आणि खाली, सात वर्षांतले पहिले शब्द. "आता तिला सांग."

तर ऐक. नियम बदलल्याचं मंडळाचं पत्र चिटणिसांनी माझ्याकडे दिलं होतं, हिरामणला पोचवायला. मी रोह्याला गेलो, तुमच्या घरी जेवलो, तुझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि पत्र खिशात ठेवून परत आलो. तुझा बाबा लबाड नव्हता आणि खोटारडाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांना विचारून त्याला सगळं कळलं होतं. तुला त्याने सांगितलं नाही, कारण माझ्यावर, तुझ्या या दिनाकाकावर, तुझा फार जीव होता. ते पत्र सोबत जोडलं आहे, माझ्या घामाने पिवळं पडलेलं. गणपतीत मंडपात उभा राहून मी हे सगळ्यांसमोर वाचणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. माझ्याकडे एकच चाल उरली होती, ती काल केली. आता त्याचं प्यादं एक घर पुढे गेलं की मात. ते मी हलवणार नाही. कार्ड यायच्या आत तू ये आणि तुझ्या हाताने हलव. नुसती मात द्यायला बोलवत नाही बाय. माझ्या पटावर सगळ्या सोंगट्या शाडूच्या आहेत, पण आज सकाळपासून ते एक प्यादं सागाचं आहे. ओलं आहे, आणि त्याच्या डोक्यावर बारीक दातांच्या खुणा आहेत.

तुझाच अपराधी,
दिनाकाका