चिनूकच्या दिवशी हिरवं मेण

कॅल्गरी,
२२ जानेवारी २०१७

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? तिकडे व्हिटबीत यंदा बर्फापेक्षा चिखलच जास्त, असं ऐकलं. डिंकाचे लाडू पोचले. एकही फुटला नाही.

आता लिहिते आहे ते फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही लगेच "पुष्करला दे" म्हणता आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. म्हणून पत्र.

काल कॅनमोरला केयाची स्कीची शर्यत होती. स्कीला मेण लावायचं काम या हिवाळ्यापासून माझ्याकडे आहे. बेसमेंटमध्ये स्की उलट्या मांडायच्या, पुढच्या-मागच्या भागावर इस्त्रीनं घसरायचं मेण वितळवायचं, गार झालं की खरवडून काढायचं. मधे, पायाखाली, वेगळं चिकट मेण. त्याचे पातळ थर चोळून बसवायचे. चढावर पाय धरतो तो त्याच्यामुळे. थंडी कडक असेल तर हिरवं, हवा जरा उबदार असेल तर जांभळं. शुक्रवारी संध्याकाळी उणे पंधरा बघून मी हिरवं लावलं आणि निश्चिंत झाले.

सकाळी चिनूक सुटला. डोंगरावरून येणारा तो उबदार वारा. छपरं ठिबकायला लागली. मला दिसत होतं. तरी वाटलं, इतकं नीट केलंय, आता कशाला बदला? पहिल्याच चढावर केया मागे घसरू लागली.

"काय वहिनी, हिरवं? आज?" शेजारी उभे असलेले मिलिंद हसले, त्यांची मुलगीही शर्यतीत होती. "पुष्करला विचारायचंत की! कुठे दडवलंत त्याला?"

पहिली फेरी संपवून केया माझ्यासमोर थांबली. "आई, पर्पल! क्विक!" नियम असा, की मेण हातात देता येतं, लावून देता येत नाही. ती गुडघ्यावर बसून स्वतः घासत होती, मुली भराभर पुढे जात होत्या, आणि मी हात खिशात घालून उभी. मग ती उठली आणि चढ सरळ चढून गेली. शेवटून तिसरी आली. "सेकंड लॅप वॉज ऑसम," म्हणाली.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "आजी मार्चमध्ये येणार ना? मग मी पण लाय करायचं का?"

आई, पुष्कर ऑगस्टपासून इथे राहत नाही. आम्ही वेगळे झालो आहोत. तो रिचमंड हिलला आहे, तुमच्यापासून तासाभरावर. "आईला मी सांगीन," म्हणाला होता. मलाही पटलं, मुलानंच सांगावं. तो सांगत नाहीये हे दिसल्यावरही मी गप्प राहिले. त्याचा शब्द राखला की स्वतःची सोय पाहिली, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे, हे काल त्याला कळवलं. कारणं त्याची तो सांगेल. माझी मी तुमच्यासमोर बसून सांगीन. लिहून ती खरी उतरणार नाहीत. पण केयाला तुमच्याशी खोटं बोलायला लावणं मला जमणार नाही.

मार्चचं तिकीट रद्द करू नका, हे म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. तरी म्हणते. केया आणि मी एअरपोर्टवर येऊ.

तुम्ही नको म्हणेपर्यंत तुमची सून,
यामिनी