ओटी भरली म्हणे, समेट झाला म्हणे

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज ठाण्यात आवाज चढला माझा. चढला तर चढला.

गेले होते दुसऱ्याच कामाला. व्हरांड्यात बाकावर एक पोरगी बसलेली, हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला. तेलंगणातून लग्न करून सेनगावकडच्या एका गावात आणलेली. मराठी येत नाही. जमादार जबाब लिहून घेत होते आणि तिचं बोलणं मराठीत सांगत होता कोण? तिचा दीर! संतोष नाव. निजामाबादला मिस्तरीकाम केलंय म्हणून त्याला तेलुगू येते.

ती म्हणाली, "ना मोगुडु कोट्टिंडु." नवऱ्यानं मारलं. माझं लेकरू हिसकून घेतलं, म्हणाली. आणि हा साळसूद जमादारांना सांगतो, "गोठ्यात पाय घसरला म्हणते."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला काय माहीत, माझे बाबा निजामाबादला गवंडी होते, मी तिथंच तेलुगू शाळेत शिकले ते. म्हटलं, "कुठं घसरला रे पाय? तोंडावर खोटं बोलून राहिलास!" जमादार उलट मलाच, "मॅडम, तो घरचा माणूस हाय, त्याला जास्त माहीत." अहो, घरच्याच माणसानं मोडलाय ना हात!

जबाब पुन्हा घ्यायला लावला. नाव विचारलं तर संतोष म्हणतो मनीषा. ती म्हणते मौनिका. मौनिकाच लिहायला लावलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मौनिकाला बायकांच्या निवाऱ्यात ठेवलंय. आज पूर्ण दुपार तिच्याजवळ. एकदा बोलायला लागली ती थांबेचना. लग्न झाल्यापासून कोणाशी मनातलं बोललीच नव्हती बिचारी. नवरा गजानन, त्याला तेलुगू येत नाही. सासूला येत नाही. संतोषला येते, पण तो फक्त काम सांगायला वापरतो.

विचारलं, मराठी किती येते? बोटांवर मोजत सांगितलं: आण, ठेव, उठ, गप. झालं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढीच मराठी वाट्याला आली. त्या घरात तिच्याशी दुसरं काही बोललंच गेलेलं नाही. आमच्याकडं म्हशीशीसुद्धा याहून जास्त बोलतात.

पोरीला ती चिन्नी म्हणते. दोन वर्षांची. बाकी काही मागत नाही. दागिने नको, भांडी नको, गजाननला शिक्षासुद्धा नको. चिन्नीला घेऊन आईकडं जायचं, बस.

ऑफिसात मला 'दुभाषी मॅडम' म्हणून राहिलेत. मी समुपदेशक हाय, टेपरेकॉर्डर न्हाई.

१८ ऑगस्ट, सोमवार

डीव्हीचा, म्हणजे घरगुती हिंसाचाराचा, अर्ज दाखल. शेख मॅडमनी पोरीचा तात्पुरता ताबा आधी मागितलाय. वकील म्हणून त्या चोख, फक्त बोलतात कमी. तारीख मिळाली ४ सप्टेंबर. मधे पोळा, गणपती, महालक्ष्म्या. मौ. म्हणते, "अक्का, तोवर चिन्नी मला विसरंल." म्हटलं, लेकरू आईला विसरतं का. घरी येताना वाटलं, दोन वर्षांचं लेकरू विसरूही शकतं. कशाला बोलले.

२३ ऑगस्ट, शनिवार

संतोषचा फोन. "ताई, तुमी काहून तिचे कान भरून राहिल्या? घरात महालक्ष्म्या हायेत. सून नसल्यावर मांडणार कोण?"

म्हटलं, "हात मोडताना महालक्ष्म्या आठवल्या न्हाई व्हय?"

"रागाच्या भरात होतं एखाद्या वेळी. तुमच्या घरी होत न्हाई का?"

"माझ्या घरी होत न्हाई. आणि होत असतं तरी तुला हिसाब दिला नसता. चिन्नीला आणून दे, मग बोल."

"पोरगी आमची हाय. बाई बी आमचीच हाय."

फोन आपटला. आई म्हणाली, अगं, मोबाईल फुटंल. फुटू दे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

डोकं फिरायची वेळ आहे.

सकाळी औंढ्याला मीटिंग होती. सिद्धेश्वर धरणाकडून पाऊस, परतायला चार वाजले. निवाऱ्यात गेले तर मौ.ची खाट रिकामी. सासू आणि संतोष आले होते, चिन्नीला कडेवर घेऊन. संतोष तेलुगूत काहीतरी बोलला, ही हसली म्हणे, रजिस्टरला अंगठा दिला आणि गेली. "स्वतःहून गेल्या," असं तिथली बाई मला सांगते. चिन्नीला समोर धरल्यावर दुसरं काय करणार ती? मला एक फोन करता आला नाही कोणाला?

पाच वाजता मोबाईलवर फोटो आला. गावच्या मारुतीच्या पारावर मंडळी जमलेली. मधे मौ. हिरव्या साडीत. सासू तिची ओटी भरतेय. खाली लिहिलंय: आपसात समेट, सूनबाई नांदायला परत. वर हात जोडलेली चित्रं.

आणि मौ. फोटोत हसतेय. खरंखुरं हसतेय. मला तिचाच राग आला. एवढं भांडले तुझ्यासाठी आणि एका साडीवर...

शेख मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "सगळ्या गावासमोर ओटी घेतली तिनं. कोर्टात हाच फोटो पहिला येईल."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज गावात जाऊन आले.

शेख मॅडम आणि एक महिला शिपाई सोबत. घरात महालक्ष्म्यांची तयारी, मुखवटे घासून ठेवलेले. सासू गोड बोलली, "या, या, च्या घ्या. आमचं मिटलं समदं." संतोष खुर्ची ओढून समोरच बसला. त्याला तेलुगू समजते ना!

मौ. मला बघून धावत आली. आणि काय विचारलं? "अक्का, गाडी आणली का? चिन्नीचे कपडे बांधून ठेवलेत."

कोपऱ्यात खरंच गाठोडं. वर ओटीचे तांदूळ, पदराच्या जुन्या तुकड्यात नीट बांधलेले. मग माझ्या ध्यानात आलं.

त्यांच्याकडं वडिबिय्यम असतं. लग्न झालेल्या लेकीच्या पदरात माहेरची माणसं तांदूळ घालतात. आई-बाप, भाऊ. सासरचं कोणी घालत नाही. विचारलं तर कळलं, निवाऱ्यात संतोषनं तिला सांगितलं होतं, "आमची अम्मा तुला वडिबिय्यम करणार, मग लेकरू घेऊन तुझ्या घरी जा." सासूनं चारचौघांत पदरात तांदूळ घातले तेव्हा हिला वाटलं, या बाईनं मला लेक मानलं. आता मानानं पाठवून राहिली. म्हणून हसली. आणि अख्खं गाव समजलं, नांदायला कबूल झाली.

नुसतं न कळणाऱ्याची चूक मी समजू शकते. गावाला खरंच माहीत नव्हतं, सासूलाही नसेल. पण संतोष त्या मुलखात राहून आलाय. त्याला बराबर माहीत होतं! हा माणूस तिच्या आईच्या घरचा रिवाज उचलून आणतो आणि त्याचाच फास करतो. असल्या हुशारीला काय म्हणावं? मी म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेख मॅडमनी हात धरला माझा.

मग तिला सांगावं लागलं. तेलुगूत, मीच. गाडी येणार नाही. ही ओटी तुला ठेवून घ्यायची होती. तिचा चेहरा... नको.

रडली नाही. गाठोड्यावरची पुरचुंडी घेतली, सोडली आणि सासूपुढच्या सुपात सगळे तांदूळ ओतले. सासू किंचाळली, "अगं, ओटी परत देतात व्हय! अवदसा!" आणि लगेच चिन्नीला उचलून आतल्या खोलीत गेली. कडी. आतून पोरगी रडतेय, बाहेर ही दार बडवतेय, एकाच हातानं.

महिला शिपाई म्हणाली, कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय लेकरू काढता येत नाही. कायद्यानं बरोबर असेलही. जळो.

मौ.ला म्हटलं, इथं राहशील तर रोज चिन्नी दिसंल, पण मार खाशील. माझ्यासोबत येशील तर चार तारखेपर्यंत दिसणार नाही. तू ठरव. दाराजवळ किती वेळ बसली. मग उठली, गाठोड्यातला चिन्नीचा एक फ्रॉक तेवढा घेतला आणि जीपमध्ये येऊन बसली.

१ सप्टेंबर, सोमवार

गल्लीत घरोघर महालक्ष्म्यांची जेवणं. निवाऱ्यात मौ.ला आईनं दिलेला डबा नेला. खाल्लं नाही. चिन्नीनं खाल्लं असेल का, एवढंच विचारलं. मी काय सांगू?

४ सप्टेंबर, गुरुवार

कोर्ट. त्यांच्या वकिलानं फोटो दाखवलाच. शेख मॅडमनी वडिबिय्यम समजावून सांगितलं, शांतपणे, मला जमलं नसतं. जज मॅडमनी चष्मा काढून ऐकलं. मग म्हणाल्या, बाईंना स्वतःला बोलू द्या, तेलुगू कोणाला येते?

मी उभी राहिले. त्यांचा वकील लगेच, "हरकत आहे. या अर्जदाराच्या बाजूच्या."

आणि मागून संतोष हात वर करून, "मॅडम, मला येते."

अरे, लाज! माझ्या तोंडातून निघालंच. जज मॅडमनी मला गप बसवलं. मग त्यालाही बसवलं. म्हणाल्या, कोणत्याच बाजूचा नसलेला दुभाषी बोलवू, पुढची तारीख घेऊ.

पुढची तारीख. म्हणजे अजून काही दिवस बिनालेकराचे. मी हे मौ.ला सांगायला वळले, तर ती पुढं गेलेली. लाकडी कठड्याला धरून, त्या मोडक्या हातानं. जज मॅडमकडं पाहिलं नाही. सासूकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"चिन्नी. आण."

पुन्हा म्हणाली, "आण!" जसं त्या घरात तिला रोज ऐकायला मिळायचं, अगदी तसंच.

टायपिस्टनं विचारलं, "मॅडम, हे नोंदीत घ्यायचं का?"

"घ्या," जज मॅडम म्हणाल्या. "आणि पुढच्या तारखेला मुलीला कोर्टात हजर करा."

तारीख मिळाली ११ सप्टेंबर. आणतील की गायब करतील, कोण जाणे. मौ. आत्ता समोर बसलीय, चिन्नीचा फ्रॉक उसवलाय तो एका हातानं टाचून राहिली. सुई मी ओवून दिली.