विमानाचं चित्र

स्वराज द्वीप, अंदमान
२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून चक्रावला असाल. फोनवर मनगटावर बांधायच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं नाव काढलं की तुम्ही फोन आईच्या हातात देता. पत्र वाचल्याशिवाय सुटका नाही, म्हणून लिहितेय.

जानेवारीत तुम्ही आणि जोतीराम काका मालवणला डायव्हिंग करणार. दोघांची वयं मिळून सव्वाशेच्या वर, आणि मनगटावर काय, तर रिटायर होताना मिळालेलं घड्याळ! खाडीत तुम्ही जन्म काढलात हे मान्य. पण तिथे तुम्ही पाण्यावर होता, बाबा. वीस मीटर खाली दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो, आणि दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू शकतो. किती मुरला ते अनुभवाने कळत नाही, यंत्राला कळतं. रोज इथे पन्नाशीच्या पुढच्या माणसांना मी हेच शिकवते आणि माझेच बाबा ऐकत नाहीत.

तेव्हा दोघांना दोन घ्या. होडीवर जाळं एक चालतं, हे चालत नाही. महागडं मुळीच नको. रंगीत पडदा, होकायंत्र, मोबाइलला जोडायची सोय, यातलं काही लागणार नाही. आकडे मोठे हवेत, बटणं दोनच हवीत, आणि सेल बदलायला कंपनीकडे पाठवावं लागू नये. दुकानात चष्मा काढून वाचून बघा, कारण पाण्यात तो नसणार. वय सांगून जास्त सावध वेळ दाखवायची सोय दुकानदाराकडूनच लावून घ्या.

खाली गेल्यावर दोनच आकडे बघायचे, किती खोल आहोत आणि अजून किती मिनिटं थांबता येईल. बाकी सगळं सोडून द्या. वर आल्यावर विमानाचं एक छोटं चित्र दिसेल, त्याच्याकडेही लक्ष देऊ नका. ते लगेच विमानात बसणाऱ्यांसाठी असतं, तुम्ही गाडीने जाणार.

रागावलात तरी चालेल, पण दोन घ्या. आईच्या हातची सुकटीची चटणी पाठवाल तर राग पोचल्याची पावती समजेन.

तुमची हट्टी लेक,
मनस्वी


दिवाळे, बेलापूर
५ जानेवारी २०२५

चि. मनस्वी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घेतले बाई, दोन घेतले! चटणीही याच पार्सलात आहे.

दुकानातल्या पोराने आधी एक चकचकीत वस्तू काढली. त्यात रंगीत मासे पोहत होते. जोतीरामने चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि विचारलं की यात कांद्याचा भावपण कळतो का. माथाडीत तीस वर्षं गोणी उचललेला माणूस, दुसरं काय विचारणार? शेवटी तू सांगितलंस तसंच साधं, काळं, दोन बटणांचं मिळालं. आकडे एवढे मोठे की तुझ्या आईने ओट्यापाशी उभं राहून वाचले. सावधपणाची सोयही लावून घेतली.

जोतीरामने विमानाच्या चित्राचं विचारलं. मी तुझं पत्रच पुढे केलं. तो म्हणाला, पोरीने लिहिलंय तर विषय संपला. सानपाड्याच्या तलावावर आमच्या वयाचे अकरा जण पोहायला येतात, सगळ्यांना डायव्हिंगचा सोस लागलाय. तुझ्या पत्राच्या अकरा झेरॉक्स काढून वाटल्या. दोन दिवस मी तलावावर जरा छाती काढूनच फिरत होतो, खोटं कशाला सांगू.

तू काळजी करतेस ते कळतं मला. पण आपल्या खाडीत हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. कोळ्याच्या पोटी जन्मून समुद्राचा तळ मला साठाव्या वर्षी दिसला, तू मालवणला खाली नेलंस तेव्हा. तेवढं आता सोडवत नाही.

१८ आणि १९ ला डायव्हिंग. रविवारी दुपारी बाराला पाण्याबाहेर पडलो की लगेच माझ्या गाडीने निघायचं. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, आणि तिथून जोतीरामच्या गावी. सोमवारी सकाळी त्यांची यात्रा आहे. पालखीच्या खांद्याचा मान नऊ वर्षांनी त्याच्या घराकडे आलाय. गडी महिनाभर त्याच आनंदात आहे.

स्वतःला जप. आईचा आशीर्वाद.

तुझा,
बाबा


दिवाळे
२४ जानेवारी २०२५

चि. मनूस,
आईचे आशीर्वाद.

फोनवर तू नुसती रडतेस आणि मला बोलता येत नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

रविवारी साडेचारला तुझा फोन आला. चार दिवस बोटीवर होतीस, परत येऊन बाबांचं पत्र उघडलंस, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच ऐकलं की घाटाची उंचीसुद्धा विमानासारखीच, समुद्रातून निघालेल्या माणसाने दुसऱ्या दिवसापर्यंत डोंगर चढायचा नाही, त्यांना थांबव. मी त्यांना सात वेळा फोन लावला. आठव्यांदा उचलला, तेव्हा ते पोलादपूरला चहाला थांबले होते. मी तुझा शब्द न शब्द सांगितला. दोघांनी वर जायचं नाही, असं दोनदा बजावलं. ते हो म्हणाले. मी देवापुढे दिवा लावला आणि जेवले.

सोमवारी सकाळी शालनवहिनींचा फोन. पालखी खांद्यावर असताना जोतीराम भावोजींचा डावा पाय लुळा पडला. ते कोसळले, पालखी बाकीच्यांनी सावरली. त्यांचा गावाकडचा पुतण्या धनाजी पोलादपूरला येऊन त्यांना आदल्या संध्याकाळीच वर घेऊन गेला होता. आपले हे मात्र खाली लॉजवर! डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून त्यांना मुंबईला आणलं. आता रोज जास्त दाबाच्या बंद खोलीत ठेवतात. पाय परत येईल म्हणतात, पण कितपत, ते कुणी सांगत नाही.

हे दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. तीन वेळा झालं. मी विचारलं की मी दोघांचं सांगितलं होतं, मग एकटे भावोजी वर कसे गेले? ते उठून जेट्टीवर निघून गेले. माझ्याशी बोलत नाहीत. तू विचार. तुझ्याशी खोटं बोलणार नाहीत.

वेळेवर जेव.

तुझी,
आई


स्वराज द्वीप
१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न.

चूक माझी आहे, हे आधी लिहिते. तुम्हाला सोपं पडावं म्हणून मी ती ओळ लिहिली. तुम्ही घाट चढाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इथे सगळे विमानानेच येतात-जातात, आमच्याकडे डोंगराचा प्रश्नच येत नाही. शिकवणाऱ्या माणसाला ही सबब नाही. बारा दिवस मी कुणालाही पाण्यात नेलेलं नाही. माझं मलाच धाडस होत नाही.

पण आईचा फोन वेळेत पोचला होता, बाबा. तुम्ही थांबलात. काकांना काय सांगितलंत? मला खरं कळायला हवं. त्याशिवाय मी काकांना कुठल्या तोंडाने पत्र लिहू?

मनस्वी


दिवाळे
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वीस,
आशीर्वाद.

मी त्याला सांगितलं की माझं पोट बिघडलंय. घाटात त्रास होईल, तू धनाजीला बोलावून पुढे हो. एवढंच.

आईचा फोन ठेवला तेव्हा तो समोर टपरीवर बसला होता. मनगटावरचं ते विमान त्याने चहावाल्याला दाखवलं. म्हणाला, आमच्या नामदेवची पोरगी अंदमानात शिकवते, तिने सांगितलंय याच्याकडे बघायचं नाही. त्या माणसापुढे मी कसं सांगणार होतो की पोरगी चुकली? तलावावर अकरा जणांना तुझं पत्र वाटलेला मी. तुझं नाव खाली जाईल असं वाटलं. शिवाय नऊ वर्षांनी आलेला खांदा माझ्या तोंडून काढून घ्यायचा, तेही जड गेलं. तो माझ्यापेक्षा कमी खोल गेला होता, त्याला काही होणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

आणि स्वतः खाली थांबलो. हेच मला गिळता येत नाही. तुझ्या निरोपावर विश्वास नव्हता तर मी पण चढायला हवं होतं. विश्वास होता तर त्याला अडवायला हवं होतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो.

काल दवाखान्यात गेलो. तुझं मूळ पत्र त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी तासभर बसलो आणि उठून आलो.

तुझं नाव वाचवायला गेलो आणि तुझ्या काकाचा पाय घालवला. तुला वाटेल ते म्हण.

बाबा


सानपाडा
२२ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वीबाळ हिस,
काकाचा आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात घरी सोडलं. काठी घेऊन चालतो, डाव्या तळपायाला अजून फरशी नीट कळत नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. पाण्याचं नाव काढायचं नाही, असं तुझ्या शालनकाकूने बजावलंय आणि सध्या मी तिच्या ताब्यात आहे.

तुझ्या बापाचा मला संताप आला होता, लपवत नाही. चूक तर कुणाचीही होते. पण तीस वर्षांची ओळख, आणि मला पोटाचं सांगतो? खांदा गेला असता तर पुढच्या वेळी मिळाला असता, आमचं गाव कुठे पळून जात नव्हतं. हे सगळं मी त्याला तोंडावर सुनावलं. तो ऐकत राहिला. आता रोज सकाळी सहाला येतो आणि मला धरून सोसायटीला तीन फेऱ्या मारायला लावतो. मी अजून त्याच्याशी फारसं बोलत नाही. तो येतो मात्र.

आज त्याला सोबत घेऊन घरोघर फिरलो. तुझ्या पत्राच्या अकरा झेरॉक्स बाहेर होत्या, पोरी, आणि त्यातला सुधीर पुढच्या महिन्यात मालवण करून थेट पाचगणीला जाणार होता. प्रत्येकाला पाय दाखवला आणि कागद परत घेतला. अकराही जमा करून नामदेवच्या हातानेच फाडल्या. मूळ पत्र मात्र तो देत नाही. म्हणतो, लेकीचं आहे. राहू दे त्याच्याकडे.

तू पाण्यात माणसं न्यायची थांबली आहेस असं ऐकलं. असं करू नको. तू सांगितलेलं बाकी सगळं बरोबर होतं. दोन यंत्रं घेतली, आकडे वाचता आले, खाली असताना मला एकदाही भीती वाटली नाही.

तेव्हा नवं पत्र लिहून पाठव. तसंच, आमच्यासारख्यांना कळेल असं. फक्त विमानाचं पहिल्या ओळीत लिही, आणि त्याच्या शेजारी घाट काढ. अकरा झेरॉक्सचं मी बघतो. काठी टेकत मीच वाटणार आहे, म्हणजे कुणी वाचल्याशिवाय ठेवणार नाही.

वाट बघतो.

तुझा,
जोतीराम काका