स्टेज नसलेला पत्ता

बनशंकरी थर्ड स्टेज, बेंगळूरु
रविवार, १५ जून २०२५

चि. सौ. चंदना,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुम्हीही ठीक आहात, असं तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून धरून चालतो.

या पत्राला काय काय लागलं ते आधी सांगतो. चार रविवार, अर्धी वही, आणि तुझ्या आईचं एक वाक्य: “ड्रायव्हरांना शिव्या देताना बरी अडत नाही तुमची गाडी!”

धंदा सरी चाललाय, तक्रार नाही. एका रिक्षावर सुरू केलं होतं, आता सोळा गाड्या देवनहळ्ळी ते इलेक्ट्रॉनिक सिटी पळतात. कान गंजू नयेत म्हणून अधूनमधून मी स्वतः चालवतो. माणूस मागे बसून तोंड उघडतो आणि मी त्याचं गाव ओळखतो. ‘चौकात थांबवा’ म्हणाला की पुण्याचा, ‘नाक्यावर’ म्हणाला की मुंबईचा. तीन रस्ते मिळतात तिथे ‘तिकटी’ म्हणणारा कोल्हापूरचा, ‘तिठा’ म्हणणारा कोकणातला. आपलं सगळ्यालाच सर्कल. परवा एचएसआर लेआउटमध्ये एक मुलगी म्हणाली, “भैया, उस बोळ में लो.” मी म्हटलं, “ताई, पुण्याच्या ना?” दचकलीच ती.

कुणी कुठल्याही तऱ्हेने पत्ता सांगू दे, या शहरात मला न सापडणारं दार नाही. ड्रायव्हरांना नियम एकच घालून दिलाय: वस्तीचा कितवा टप्पा, कितवी स्टेज, हे विचारल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नाइन्थ क्रॉसची गल्ली काय, फोर्थ मेनचा रस्ता काय, प्रत्येक स्टेजला असतातच.

हा नियम तू पाळण्यात असल्यापासून ऐकलायस. म्हणूनच इथवर लिहून मी दरवेळी पेन खाली ठेवत होतो.

पुण्याला तुझी सोयरीक ठरवायला गेलो होतो, आठवतं? तुझे सासरे उमाकांतराव म्हणाले, “तुमच्याकडे जिकडेतिकडे हळ्ळी! हळ्ळी म्हणजे खेडंच ना हो? आणि क्रॉस, मेन, स्टेज! हा पत्ता आहे की बीजगणित? आमच्याकडे बघा, वार धरून चाललं की माणूस बरोबर पेठेत.” तुझ्या सासूबाई हेमलताबाई म्हणाल्या, “पण बोलणं किती गोड तुमचं, जुन्या नाटकातल्यासारखं!” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. साडेतीनशे वर्षं इथे मराठी टिकवली आपल्या घराण्याने, आणि ती नाटकातली! मी चहा पिऊन उठलो, पण ते काही मनातून गेलं नाही.

मग गेल्या वर्षी एप्रिलात साखरपुडा. ते पुण्याहून गाडी करून आले. पत्ता मी फोनवर सांगितला: बनशंकरी, फोर्थ मेन, नाइन्थ क्रॉस. होणारा जावई म्हणून आशय सकाळपासून आपल्याकडेच होता. तो बिचारा विचारत होता, “अण्णा, बाबांना लोकेशन पाठवू का?” मी म्हटलं, “मी सांगितलंय की! कशाला?”

अडीच तास ते सेकंड स्टेजमध्ये उन्हात दारं ठोठावत फिरले. मुहूर्त गेला. उमाकांतरावांची साखर उतरली, आणि हेमलताबाई कुणाच्या तरी पायरीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

तू विचारलंस, “अण्णा, स्टेज सांगायला विसरलात?” मी म्हटलं, “हो, विसरलो.”

चंदना, मी विसरलो नव्हतो.

वाटलं होतं, स्वल्प फिरतील, घाम येईल, मग मला फोन करून म्हणतील, मालोजीराव, तुमचं बीजगणित जमत नाही बुवा, न्यायला या. एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी तो फोन केला नाही, आणि मीही फोन उचलून विचारलं नाही. तुला तेव्हाच कळलं. लग्न नोंदवलंस आणि मला बोलावलं नाहीस.

मंगळवारी मी उमाकांतरावांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दुसऱ्याच दिवशी रिक्षावाल्याने सांगितलं होतं मला, स्टेजशिवाय इथे कुणी पत्ता देत नाही म्हणून. घरात बोललो नाही. तुमची मुलगी आमच्या घरात यायची होती.” त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यापासून तुझी आई डिंकाचे लाडू वळतेय. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. ती डबा घेऊन निघते, माझी गाडी घेत नाही, सर्कलपर्यंत चालत जाऊन दुसऱ्याची रिक्षा करते. तुला मुलगा झाला की मुलगी, तेवढंही ती बोलत नाही. बारशाला मला आत बसव असं मी म्हणत नाही. दाराबाहेर उभा राहीन. नाव ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

हो किंवा नाही, आईजवळ सांग. नाही म्हणालीस तरी राग नाही.

तुझा अपराधी,
अण्णा

ता. क. आईच्या हाती देतोय त्या पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय. तुझं घर कुठे आहे ते मला माहीत नाही.